तिचा अल्बम, माझी वाक्यं

सोमवार, ४ मार्च

आला एकदाचा! धाकट्या बहिणीचा अल्बम सकाळी दहाला सगळ्यांसाठी खुला झाला. नाव ‘पांढरं’. आठ रॅप. ना कंपनी, ना कुणी पाठीराखा – माझ्या कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून, मागे ब्लँकेटं टांगून रेकॉर्ड केलेला. दोन महिने माझे कपडे खुर्चीवर! बाहेर तिला ठिणगी म्हणतात. घरात स्वतःचं ताट उचलत नाही.

आईला रडू आलं. मी ‘छान’ म्हटलं आणि कामावर गेले.

मंगळवार, ५ मार्च

अख्खा ऐकला. दोनदा.

सगळा आमच्या लॉन्ड्रीवर आहे. इस्पितळाच्या चादरी, ब्लीचने सोललेली बोटं, इस्त्रीच्या रोलरवर भाजलेले हात. तिसऱ्या गाण्यात मागचं दार. कामाची पाळी सुरू झाली की मॅनेजर त्याला कुलूप लावतो, चादरी चोरीला जातात म्हणून. चाळीसजणी आत. संध्याकाळी मी हातांना मलम लावत बसते तेव्हा धाकटी शेजारी येऊन रोज विचारते, आज काय झालं ताई? मला वाटायचं, माया आहे! एकदा मी म्हटलं होतं, आग लागली तर पळायचं कुठून, चावी साहेबाच्या खिशात. गाण्यात तेच. जसंच्या तसं. पुढे तिने एवढंच जोडलंय – ‘साहेब गेला उठून’.

तीन शब्द. आणि त्या तीन शब्दांनीच त्याचं गाणं झालं. ते मला सुचलं नसतं, हेच जास्त झोंबतं. शाळेत कविता मी करायचे. बाबा गेले, मी लॉन्ड्रीत लागले, ती शिकली.

गुरुवार, ७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एका फोनभोवती गोळा. घड्या घालणाऱ्या मावशींनी तर डोळे पुसले. मला विचारतात, तुझ्या बहिणीने कधी इथे पाऊल ठेवलं नाही, मग तिला गं कसं कळतं एवढं? मी म्हटलं, हुशार आहे ती. आणि डबा झाकून ठेवला.

शनिवार, ९ मार्च

अल्बमखाली आभारांची यादी असते, हे आज कळलं. पहिली आई. मग बीट बनवणारा मित्र. माइक देणारी मैत्रीण. वरच्या मजल्यावरचे काका – का, तर रेकॉर्डिंगच्या वेळी टीव्ही बंद ठेवला म्हणून!

मी नाही. पुन्हा वाचली. नाही.

रविवार, १० मार्च

तिच्यापुढे चहाचा कप आपटला. काही चुकलं का माझं, म्हणाली. तुझं कसं चुकेल, म्हटलं. ती काहीतरी सांगायला लागली तर मी मिक्सर सुरू केला. वाटायला काही नव्हतंच. रिकामाच फिरवला.

बुधवार, १३ मार्च

कुणीतरी तिसरं गाणं इस्पितळात पोचवलं. तिथल्या मोठ्या बाईंनी मॅनेजरला फोन करून कुलपाबद्दल विचारलं. त्याने मला बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा! पुढ्यात टाइप केलेला कागद. त्यात – मी लिहून देते की मागच्या दाराला कुलूप नसते, गाण्यांतील मजकूर माझ्या बहिणीच्या निव्वळ कल्पनेतून आलेला आहे. शुक्रवारपर्यंत सही करायची. केली तर रोलरची मुकादम. नाही केली तर कामाला बायका पुष्कळ मिळतात, असं म्हणाला. हसून म्हणाला.

या पानापासून काय लपवायचं – मला आत कुठेतरी बरं वाटलं. एक सही, आणि ठिणगीबाई जगापुढे खोटारड्या! बसा मग टाळ्या मोजत. लाजही वाटली. पण नंतर.

गुरुवार, १४ मार्च

घरात कुणी नव्हतं. पेन घेऊन बसले. सही करणारच होते, खोटं कशाला बोलू. शेवटचं एकदा वाचलं.

निव्वळ कल्पनेतून?

कुणाची कल्पना? बोटं कुणाची सोलली? दाराशी जाऊन कुलूप ओढून कुणी बघितलं? तिची कल्पना म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. कागद उलटा केला आणि मागे लिहून काढलं – कुठल्या गाण्यातलं कुठलं वाक्य माझं, त्या दिवशी काय घडलं होतं, पाळीवर कोण कोण होतं. कुलूप सगळ्यात वर. ‘साहेब गेला उठून’ तेवढं तिचं, असंही लिहिलं. पान पुरेना, समासातसुद्धा लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, सही, तारीख. किती दिवसांनी इतकं लिहिलं!

शुक्रवार, १५ मार्च

मॅनेजरने मागची बाजू वाचली. उद्यापासून येऊ नका म्हणाला.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. ती ओट्याला टेकून खालीच बसली.

“म्हणून तर तुझं नाव कुठे घातलं नव्हतं, ताई.”

मीही तिच्याशेजारी बसले. मग म्हटलं, “आता घाल. आईच्या वर.”