झाकून ठेवलेलं ताट

३ मार्च

चि. ठकीस आजीचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघे सोडून. तुमच्या बंदरातलं माल चढवायचं-उतरवायचं काम बाहेरच्या कंपनीला गेल्यापासून तुझा काका घरीच आहे. जहाजाचा भोंगा झाला की अजून भरल्या ताटावरून उठतो, दारापर्यंत जातो, आठवलं की परत येऊन बसतो. मी भातात खडे शोधत राहते, म्हणजे त्याचं तोंड बघावं लागत नाही.

हे ज्यानं केलं त्याला रोज शिव्या घालतो. ते करणारी तू, हे त्याला ठाऊक नाही. मला आहे, म्हणून त्या शिव्या मलाच लागतात. काल म्हणाला, आपली ठकी बंदरात साहेब आहे, नव्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकायला सांग. पोटच्या पोरापासून तुला किती दिवस लपवू? येऊन तुझं तूच सांग.

लोभ आहेच, राग त्याच्या शेजारी बसलाय.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

आमच्याकडे जहाजं ताटकळायची, म्हणून शेजारच्या बंदरात जाऊ लागली होती. कंपनीच्या मोठ्या क्रेन आल्या, आता ती परत येतायत. काम बाहेर दिलं नसतं तर अख्खं बंदर ओस पडलं असतं. हे मी सभेत ताठ मानेनं सांगितलं. काकाला लिहायला बसते आणि कागद अर्ध्यावर फाडून टाकते. पहिलं जहाज मी त्याच्याच खांद्यावर बसून पाहिलं होतं. कंपनीला त्याच्यासाठी विचारलं. त्यांना क्रेन चालवणारे हवेत, पाठीवर ओझं वाहणारे नकोत.

रविवारी येते. लोभ असावा, हे लिहितानाही लाज वाटते.

तुझी ठकी

१७ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

आलीस, सांगितलंस, बरं केलंस. तो ओरडला असता तर तुझं ओझं उतरलं असतं. नुसता भात कालवत बसला. मेल्याला धड रागावताही येत नाही.

तेवढ्यात भोंगा झाला. तो जागचा हलला नाही. उठलीस तू. जहाज लागतंय, मला जायला हवं म्हणालीस. जहाजासाठी उठलीस की त्याच्या समोरून, ते तुझं तुला ठाऊक.

मी तुझं ताट उचलायला गेले तर त्यानं अडवलं आणि वर झाकण ठेवलं. म्हणाला, असू दे, भोंग्याला उठलेलं माणूस परततं तेव्हा भुकेलेलं असतं.

भात कधीच विटलाय, मला टाकू देत नाही. तूच येऊन टाक.

वाट बघणारी,
आजी