सीटखालच्या पिशवीतलं वाकडं

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी फिरती परिचारिका व आता निवृत्त, राहणार याच घरात, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर हा कागद केव्हाच लिहून झाला असता. मी गोंधळलेली मात्र आहे. शुद्धीवर असणे आणि गोंधळलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदा फक्त पहिलीबद्दल विचारतो, असे वकिलांनी मला समजावून सांगितले आहे.

यापूर्वी लिहिलेले दोन्ही कागद रद्द समजावेत. ते दोन्ही एकाच कलमापाशी अडले. घर, बँक, पंप यांची कलमे मी भाजी निवडता निवडता सांगून टाकली होती. अडली ती माझ्या सायकलच्या सीटखालची हत्यारांची पिशवी. वकील म्हणाले, ती 'इतर किरकोळ वस्तूं'त घालू. मी म्हटले, किरकोळ वाटत असेल तर चेन तुटेल त्या दिवशी तुमचा टाय बांधून घरी या. माझी लेक त्या पिशवीच्या भरवशावर रोज रस्त्यावर जाणार आहे. ते कलम नीट लिहिल्याशिवाय मला मरायला फुरसत नाही.

कलम पहिले. घराचा पुढचा गाळा, जिथे माझ्या दिवंगत यजमानांचे (यापुढे 'ह्यांचे') सायकल दुरुस्तीचे दुकान होते, तो मुलाकडे जावा. त्याच्या नव्या सायकलींच्या दुकानाची खोकी तिथे आताच कमरेपर्यंत आली आहेत, तेव्हा ताबा द्यायचा प्रश्न नाही. मागच्या खोल्या व स्वयंपाकघर लेकीकडे जावे. ती आणि जावई इथेच माझ्याबरोबर राहतात. जावई घरी बसून पुस्तके बांधतात आणि स्वयंपाकही तेच बघतात. माझ्याहून बरा करतात, हे मी इथे लिहिते, कारण तोंडावर सांगितले तर चढून बसतील.

कलम दुसरे. बँकेत जे उरेल ते दोघा भावंडांत निम्मेनिम्मे. यावर चर्चा नको.

कलम तिसरे. दुकानातला उभा पंप माझ्या धाकट्या दिरांना द्यावा. म्हणजे तो त्यांच्याकडेच आहे, ह्यांच्या हयातीपासून. एका दुपारसाठी नेला होता. या कलमाने एवढेच होईल की यापुढे तो चोरीचा राहणार नाही.

कलम चौथे. हे कलम मालमत्तेचे नाही, तक्रारीचे आहे. ती कोणाच्या नावे करावी ते मला कळत नाही, कारण ज्यांच्याविरुद्ध आहे ते आता नाहीत. गावभरच्या सायकली ह्यांच्या हाताखालून गेल्या आणि एकही कधी कुरकुरत परत आली नाही. खडखडायची ती फक्त माझी. जरा खड्डा आला की मागून खण्ण. मी म्हणे, मडगार्ड ढिले आहे, जरा बघा. हे लगेच पाना घेऊन बसत, मडगार्ड आवळल्यासारखे करत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वस्तीवरचे लोक हसत, की मेकॅनिकच्या बायकोची सायकल दुरून ओळखू येते.

दुसरी तक्रार चहाची. मी कधी घरी येईन याचा नेम नसे. कोणाचे बाळंतपण लांबे, कोणाची जखम चिघळलेली असे. पण कधीही दारात पाय ठेवला तर स्टोव्ह पेटलेला आणि चहाचे पातेले चढवलेले. मी समजत असे की हा माणूस दिवसभर चहाच पीत बसतो. रॉकेलवरून आणि साखरेवरून आमची जितकी भांडणे झाली, तितकी मुलांवरून झाली नाहीत. हे कधी उलट बोलले नाहीत. कप पुढे सरकवत आणि दुकानात जात.

कलम पाचवे, पिशवी. पिशवी चामड्याची आहे, पावाएवढी, सीटच्या मागे दोन पट्ट्यांनी बसते. मला नोकरी लागली तेव्हा ह्यांनी शिवून आणली आणि आत एकेक हत्यार निवडून ठेवले. पुढे त्यात काय राहील आणि काय जाईल ते मी ठरवत गेले, कारण रस्त्यात अडकायची ती मी, हे नव्हेत.

आता लेकीने माझीच नोकरी धरली आहे. तिला मुलाने आपल्या दुकानातले घडीचे हत्यार दिले. चाकूसारखे उघडते, त्यात पाने, पेचकस, चेनची पिन काढायचे यंत्र, सगळे एकात. दिसायला इतके देखणे की मीसुद्धा हातात घेऊन दोनदा उघडमीट केली. गेल्या महिन्यात बंधाऱ्याच्या रस्त्यावर तिचे मागचे चाक सरकले. नट आवळायला गेली तर त्या हत्याराच्या पान्याने तोंड वासले, आणि बिजागरीच निखळून हातात आली. एक ना धड, भाराभर चिंध्या. सायकल ढकलत ती वस्तीवर पोचली तेव्हा ज्यांच्या पायाची पट्टी बदलायची होती ते आजोबा पाय स्टुलावर ठेवून, वाट बघून बघून खुर्चीतच झोपले होते. पट्टी आतून ओली झाली होती. लेक घरी आली, जेवली नाही, आणि मला म्हणाली, "आई, मला तुझीच पिशवी दे. पण आत काय ठेवायचं ते तू ठरव."

मुलालाही पिशवी हवी आहे. त्याला ती दुकानात काचेच्या कपाटात मांडायची आहे, खाली 'आमच्या आईची' अशी पाटी लावून. माया आहे त्याची, मला कळते. पण पिशवी लेकीची. काचेच्या कपाटात त्याने ते घडीचे हत्यार मांडावे. तिथे ते तुटणार नाही.

पिशवी वापरायला मी लेकीला आताच दिली आहे, मालकी माझ्या पश्चात. आत काय असावे ते असे. रस्त्यावरचे हत्यार किती कामे करते हे विचारू नये. ओल्या हाताने ते धरता येते का, गवतात पडले तर सापडते का, आणि हरवले तर पुढच्या वस्तीत तसे दुसरे मिळते का, हे विचारावे. चाकाच्या नटाचा पाना घडीव घ्यावा, ओतीव नको. ओतीव पाना सांगून तुटत नाही. टायर काढायच्या पट्ट्या पोलादी, कडा कानशीने गोल केलेल्या, नाहीतर एक पंक्चर काढताना दुसरे होते. प्लॅस्टिकच्या पट्ट्या थंडीत बिस्किटासारख्या मोडतात, मुलगा काहीही म्हणो. ठिगळे, पॉलिश पेपर आणि सोल्यूशन पत्र्याच्या डबीत ठेवावे, आणि सोल्यूशनची एक नळी कायम न फोडलेली असावी, कारण फोडलेली नेमकी गरजेला वाळलेली निघते. पंप छोटा, पण नळीवाला. जुन्या टायरचा एक तुकडा, फाटलेल्या टायरला आतून लावायला. चेनची पिन काढायचे यंत्र वेगळे, वजनदार, सोबत चेनची एक जोडकडी. आणि सगळे जुन्या ट्यूबच्या तुकड्यांत गुंडाळलेले, म्हणजे हत्याराला हत्यार घासत नाही.

इथवर मी दोन्ही वेळा बिनचूक आले होते. गाडी अडली ती यापुढे.

पिशवीत आणखी एक वस्तू आहे. बोटभर लांबीचे भरीव पोलाद, एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला वाक. घरात त्याला 'वाकडं' म्हणतात, दुसरे नावच नाही. पिशवी दिली त्या दिवशी ह्यांनी ते डबीच्या शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हे असू दे. याला गुंडाळू नको." कशाचे आहे विचारले तर म्हणाले, लागेल. ते मी नोकरीभर वाहिले आणि एकदाही लागले नाही. सायकलच्या प्रत्येक नटाला, कडीला, भोकाला लावून पाहिले. कुठेच बसत नाही. मुलगा म्हणतो, जुन्या पद्धतीच्या पेडलचे असावे. दीर म्हणतात, माझ्या लेथवरचा टाकाऊ तुकडा आहे तो, भंगारात घाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोपऱ्यावरचे घड्याळजी ते भिंगाखाली धरून बसले आणि म्हणाले, काम चांगले आहे, कशाचे ते माहीत नाही.

अडचण अशी की वाकडं राहिले तर चेनचे यंत्र आत मावत नाही, आणि ते काढावे तर ह्यांचा शब्द मोडतो. ज्या वस्तूचा उपयोग मला ठाऊक नाही ती मी लेकीच्या गळ्यात का बांधावी? आणि ठाऊक नाही म्हणून फेकावी, तर उद्या तीच लागली तर? पहिल्या कागदात मी ते लेकीला दिले. दुसऱ्यात खोडून दिरांना दिले, भंगार म्हणून. मग रात्रभर मला वाटत राहिले की मी ह्यांनाच भंगारात घातले. वकिलांनी फोन घेणे बंद केले.

शेवटी मनाशी म्हटले, प्रयोग करावा. वाकडं काढून कपाटात ठेवले, त्या जागी चेनचे यंत्र गुंडाळून बसवले, आणि लेकीला पिशवी दिली. आठवडाभर ती पिशवी घेऊन गेली. तिची काहीच तक्रार नव्हती. उलट म्हणाली, "आई, तुझ्या सायकलला आवाज कुठे आहे? उगाच बाबांना बोलत होतीस." ती माझ्याच सायकलवर जात होती, मडगार्ड तेच, कोणी हात लावलेला नाही. मी सायकल आदळून पाहिली. खरेच आवाज नव्हता. मला काही उमगेना.

मग भिंतीपलीकडची शिंपीण कापड मोजायला आली. बोलता बोलता म्हणाली, तुमची लेक येते कधी तेच कळत नाही, तुमचे बरे कळायचे. मी विचारले, कसे कळायचे? तिने हातातली टेप खाली ठेवली.

"ताई, गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावर तुमची सायकल खण्ण वाजायची. की लगेच तुमच्या यजमानांचा स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलंय मी. मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवूनच केलंय."

मी काही ठरवले नव्हते. सायकलला घंटी होती, पण गल्लीत मी ती कधी वाजवली नाही. दुखणाइताच्या दाराशी घंटी वाजवू नये, हा परिचारिकेचा पहिला धडा, आणि आमच्या गल्लीत कोणी ना कोणी आजारी असायचेच. हे ह्यांना माहीत होते. शिंपीण गेल्यावर मी कपाटातून वाकडं काढले, पिशवीत पत्र्याच्या डबीच्या शेजारी ठेवले, न गुंडाळता, आणि पिशवी हलवली.

तेच ते माझे मडगार्ड.

ह्यांनी मुद्दाम केले की आपोआप जमले, मला अजून सांगता येत नाही. विचारायला माणूस नाही. सरळ का सांगितले नाही? सांगितले असते तर मी म्हणाले असते, मग चहाला काय झाले, तो मी आल्यावर करता येतो. म्हणाले असतेच. दुसऱ्या दिवशी लेक वाकडं पिशवीत घेऊन गेली. मी स्वयंपाकघरात बसले, शेंगा सोलत. झाकणावर खण्ण वाजले आणि मी उठून गॅस पेटवला. काडी विझल्यावर माझ्या लक्षात आले की मी उठले होते. मग मी जरा वेळ रडले. याची नोंद कागदात असायला माझी हरकत नाही.

सबब, कलम सहावे व अखेरचे. वाकडं पिशवीतच राहील, डबीच्या शेजारी, कशातही न गुंडाळता. चेनचे यंत्र पिशवीच्या खाली ट्यूबच्या तुकड्याने बांधावे. ही बुद्धी मला आधी का झाली नाही, कोण जाणे. वाकडं कशाचे हत्यार आहे असे कोणी विचारले तर सांगावे, की ते सायकलवरच्या माणसाचे नव्हे, घरी थांबलेल्या माणसाचे हत्यार आहे. लेकीला ते आवाजाबद्दल सांगायचे की नाही, हे जावयांनी ठरवावे. चहाचे पातेले मी जावयांच्या नावे करत आहे, आणि त्याला एकच अट आहे, ती त्यांना कळली आहे.

कलम चौथ्यातली मडगार्डची तक्रार मी मागे घेते. साखरेची तक्रार कायम आहे. इतका गोड चहा करायचे काही कारण नव्हते.

हा कागद मी वाचून, समजून, डाव्या हाताने सही केला आहे. मी डावखुरीच आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: आजचा. घड्याळजींनी मूळ कागदावर आपल्या हाताने घातला आहे.

सही: लिहून ठेवणारी, निवृत्त परिचारिका

साक्षीदार:
सही: भिंतीपलीकडची शिंपीण, जिने ऐकले
सही: कोपऱ्यावरचे घड्याळजी, ज्यांनी भिंगातून पाहिले

खुलासा: दुसऱ्या साक्षीदारांची सही शेवटी ओढली गेली आहे. ते सही करत असतानाच गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला, आणि जावई उठायच्या आत आम्ही तिघेही उठलो.