लाभानंतर दोन

माय,

उद्या सकाळी एका पोरीला पाचवीत घ्यायचं की नाही हे ठरणार आहे, आणि मला मात्र तुझी भीती वाटते आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली. मी आता स्वतः बाई म्हणवून घेते, पोरं मला पाहून उठून उभी राहतात, तरी गणित म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. पोरांना घातलेलं प्रत्येक उदाहरण मी आधी घरी करून पाहते, मग उलटं करून पाहते, आणि तरी फळ्यावर उत्तर लिहिताना खडू दाबून धरते.

संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी शिकवते. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी ही नोकरी लागली. शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी इथल्या पोरांना तालुक्याला जावं लागतं, आणि तिथले गुरुजी खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला उभं करून तोंडी हिशेब विचारतात. ज्याला जमत नाही त्याला आणखी एक वर्ष चौथीतच बस म्हणून परत धाडतात. मागच्या वर्षी आमची सगळी पोरं परत आली. म्हणून यंदा उन्हाळ्याच्या सुटीत हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही कुठं जाणार नाही ना? मग पाचवीत जाणाऱ्यांकडून गणिताचा सराव करून घ्या." मी हो म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही, हे तुला सांगायला नको.

ऊन चढायच्या आत पोरं शाळेच्या ओट्यावर जमतात. सगळे मुलगे, आणि ही एकटी मुलगी. मुलग्यांचं एक वर्ष गेलं तर घरचे दोन शिव्या देतील आणि पुन्हा बसवतील. हिचं तसं नाही. हिचा बाप गावात धान्याचं माप करतो. कुणाच्या खळ्यावर रास झाली की पायली घेऊन यालाच बोलावतात. सराव सुरू झाला त्या दिवशी तो तिला सोडायला आला आणि हसत हसत म्हणाला, "शिकवा बाई. घेतली पाचवीत त जाईल. परत आली त मंग घरी काम काय कमी हाय? आन् एखादं चांगलं ठिकाण चालून आलं त मी काही नाही म्हननार नाही." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तो खरंच जे करणार होता तेच सांगत होता, म्हणून मला जास्त धास्ती वाटली. पोरगी पायाच्या अंगठ्यानं ओटा उकरत उभी होती.

मला आपला उन्हाळा आठवतो. तू चुलीपासून लांब, दाराच्या झुळुकीत बसून शेवया वळते आहेस आणि मी तुझ्यासमोर पाटी घेऊन. आपल्या गावची शाळा पोरांची, आबा मला तिथं धाडणार नव्हते, म्हणून माझं सगळं शिक्षण त्या स्वयंपाकघरातच झालं. माहेरी चार बुकं शिकलेली तू, चार बुकं तशीच्या तशी मला दिलीस. मग एक दिवस तू आबांपुढे विषय काढलास. आबा सुपारी कातरत म्हणाले, "शेगावच्या शाळेनं पाचवीत घेतली त राहू दे मामाकडं. नाही घेतली त या घरात पुन्हा हे बोलनं नाही." त्या उन्हाळ्यात तू मला नवी पाटी आणलीस, लाकडी चौकटीची, कोपऱ्याला चिंधी बांधलेली. मी ती छातीशी धरून झोपत असे.

तू मला कधी मारलं नाहीस. बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण असं मी म्हणत असे आणि तुझे हात शेवयांवर चालत असत. पण पाटीवरचं एखादं उदाहरण चुकलं की तुझे हात थांबत. तू उठत असस, पाटी घेत असस, आणि एक शब्द न बोलता ती पदरानं पुसून टाकत असस. चिंधी असताना पदरानं. चुकलेल्याबरोबर बरोबर आलेलंही पुसलं जाई. मग पाटी माझ्या मांडीवर ठेवून तू म्हणत असस, "फिरून." एवढंच. मी रडले तर तू माझ्याकडे पाहत नसस, ओसरीकडे पाहत असस. तिथं आबा बसलेले असत.

या पोरीचं दुखणं मला कळेना. पाढे दहापर्यंत पक्के; त्याच्या पुढची संख्या आली की बोटांच्या पेरांवर मिळवत जाते. एका गाडीत बारा पोती, अशा सात गाड्या, तर पोती किती? म्हणाली शहाण्णव. रोपांच्या नऊ ओळी, एका ओळीत पंधरा, म्हणाली दीडशे. मिळवणी कुठंच चुकत नव्हती, तरी दरवेळी एक गाडी, एक ओळ जास्त. मुलगे खिदळायचे. "बाई, हिच्या घरी एक गाडी फुकट येते!" "काऊन वं, तुह्या बापाले सांग न, आमालेबी एक धाड!" ती म्हणे, "बाई, मी बराबर मोजलं," आणि पुन्हा तेच. एके सकाळी असंच झालं आणि मी उठले, तिची पाटी घेतली आणि पदरानं पुसली. ठरवून नव्हे. पुसून झाल्यावर कळलं. "फिरून," असं माझ्या तोंडून गेलं आणि त्या पोरीचे खांदे वर, कानापर्यंत गेले. माय, ते खांदे माझे होते. आणि मी तिच्याकडे पाहत नव्हते. मी रस्त्याकडे पाहत होते, तिचा बाप येतो की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसलेच नाही, शेजारी बसले. म्हटलं, करून दाखव. तिनं अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "लाभ." मग दुसऱ्या पेरावर, "एक." मग, "दोन." बापाच्या मांडीला मांडी लावून ती लहानपणापासून माप ऐकत आली; बाप लाभ मोठ्यानं म्हणतो, पुढचे आकडे पुटपुटतो. आपल्याकडेही पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे, लाभ म्हणत. पण हिला वाटलं होतं की लाभ हा देवाचं नाव घ्यावं तसा आधी घ्यायचा आणि मोजणं मग सुरू करायचं. पहिली गाडी तिनं मिळवली होती, मोजली नव्हती. सात म्हणेपर्यंत आठ व्हायच्या.

मला इतकं हायसं वाटलं की मी विचार केला नाही. म्हटलं, आजपासून पहिल्याला एक म्हणायचं. ती घाबरून म्हणाली, "एक नाही म्हनत बाई. बरकत जाते." मी म्हटलं, गणितात म्हणायचं. ती ऐकणारी पोर. तिनं दिवसभर एक म्हणून म्हणून तोंडात बसवलं, आणि तिची सगळी उत्तरं बरोबर आली.

दोन-तीन दिवसांनी तिच्या घराजवळच्या पाटलांनी ज्वारीचं पेव उघडलं. जमिनीतलं धान्य वर निघालं, आळीतली माणसं जमली, हिचा बाप पायली घेऊन बसला आणि ही त्याच्या बाजूला. दुपारी तो माझ्या दारात उभा होता, अंगावर ज्वारीची धूळ तशीच, आणि पोरगी त्याच्या पाठीमागे.

"बाई, पोरीले काय शिकवून राह्यले तुमी?"

मी दाराची चौकट धरली.

"भरल्या राशीवर पहिल्या मापाले एक म्हनली. मोठ्यानं! सारे लोक माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. पाटलीनबाई म्हनते, हे काय अवदसा आनली घरात? मी माप परत राशीत ओतलं आन् पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माह्या बापापासून हे पायली आमच्या हातात हाय बाई. उद्यापासून येनार नाही ते."

मी त्याला शास्त्र सांगू शकले असते, पोरीवर ढकलू शकले असते. पण मला एकच गोष्ट सुचली, आणि ती विचारताना आवाज इतका बारीक आला की त्याला वाकून ऐकावं लागलं. "भाऊ, तुम्ही लाभानंतर काय म्हणता?"

"काय म्हननार? दोन."

"ती एक म्हणायची."

"लाभानंतर एक?"

"हो. म्हणून तिचं गणित चुकत होतं. म्हणून मी लाभ काढून टाकला. चूक माझी झाली."

तो हसत मागे वळून पोरीला म्हणाला, "काऊन वं येडे? लाभानंतर एक? मी असं मापलं असतं त दर राशीले एक पायली फुकट गेली असती. घेनाऱ्यानं मले डोक्यावर घेऊन नाचवलं असतं, आन् पाटलानं वेशीबाहेर!"

पोरगी पाठीमागूनच म्हणाली, "मले वाटलं लाभ देवाचा हाय."

त्याचं हसू थांबलं. "देवाचाच हाय," तो म्हणाला. "पन मोजा लागते त्याले."

त्यानं तिला तिथंच उंबऱ्यावर बसवलं, हातातली रिकामी पायली पुढे ठेवली आणि हवेनं भरून हवेतच ओतत तिच्याकडून म्हणून घेतलं. लाभ, दोन, तीन. लाभ, दोन, तीन. मला हे शिकवता आलं नसतं. जाताना म्हणाला, "परीक्षेले मी येतो संग." हे बरं की वाईट ते मला कळलं नाही. परीक्षेत ती अडली तर ते तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. एवढ्यावर थांबते.

काल वरचं लिहून ठेवलं होतं. आता तालुक्याहून परत आलो आहोत.

गाडीत वाटभर तिचा बापच बैलांशी बोलत होता. गुरुजींनी मुलग्यांना आधी घेतलं. एकाला परत पाठवलं, तो हसतच बाहेर आला. मग हिला. आता सगळीकडे किलो आले आहेत ना, गुरुजींनी किलोतच विचारलं. "एका पोत्यात पंचवीस किलो तांदूळ, अशी सहा पोती. बोल." तिनं हात फ्रॉकच्या मागे नेला. मी मागे उभी होते, मला अंगठा पेरावर जाताना दिसला. आणि ती मोठ्यानं म्हणाली, "लाभ."

"काय म्हणालीस?" गुरुजींनी चष्मा वर केला. तिचा अंगठा त्याच पेरावर थांबून राहिला. मी पुढे होऊन सांगावं असं मला वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. तेवढ्यात दारातून तिचा बाप म्हणाला, "मोजू द्या मास्तर तिले. सुरुवात झाली हाय."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. खोलीत ऐकू येईल इतक्या आवाजात ती पुढे मोजत गेली. "दीडशे," ती म्हणाली. "दीडशे किलो."

त्यांनी आणखी विचारलं, तिनं सांगितलं. शेवटी त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "शाळा उघडली की पाठवा."

बाहेर आल्यावर तिचा बाप बैलांना पाणी दाखवायला लागला. मला वाटलं पोरगी उड्या मारेल. ती माझ्या जवळ येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाई, पाचवीत गेल्यावर चुकलं त परत धाडतात का?"

बैलांपाशी बाप पाठमोरा होता, पण त्याचा हात थांबला होता. तोही ऐकत होता.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुला सांगते. परत धाडतात की नाही हे मी कुणाला विचारलेलं नाही, मला ठाऊक नाही. मी "नाही" म्हणाले, आणि तिला नव्हे, तिच्या बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.