सही करणाऱ्याची जबाबदारी

गंगापूर रोड, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२४

चि. लताबाई,

रंगनाथदादाचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. तुमच्याकडे उन्हाळ कांद्याचं रोप टाकलं का? देवळ्यात रोगट हवा पडली आहे असं ऐकलं. फवारणीला उशीर करू नका.

मंगळवारी तू ऑफिसात आलीस तेव्हा समोर चार अशील बसले होते. तुला आत घेऊन बसवायला हवं होतं. तू दारातूनच विचारलंस, "दादा, खरं सांग. पोराला सही कर म्हणून तू सांगितलं व्हतं का?" मी म्हणालो, "नाही." तू मान हलवलीस आणि चहा न घेता गेलीस.

काल महेशचा फोन आला. तुझा धाकटा तो, मामाशी जपून बोलतो. त्यानं सांगितलं की इथून निघून तू थेट तुरुंगात अमोलच्या भेटीला गेलीस. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या पोराला म्हणालीस, "चार लेकरं मेली ती मेली, आता मामाच्या नावानं खोटं बोलतो? तू मला मेला." आणि आता भेटीला जायचं नाही असं घरात सांगून टाकलंस.

म्हणून हे पत्र.

मी दोन वेळा आमदार होतो तेव्हाची एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. बांधकाम परवानग्यांच्या नियमांची दुरुस्ती आमच्या समितीपुढे आली होती. त्यात एक वाक्य मी घातलं: इमारतीत दोष निघाला तर जबाबदारी परवानगीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची. सभागृहात बाकं वाजली होती. पैसे खाणारे साहेब सरळ होतील असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. पुढे निवडणूक हरलो, काळा कोट पुन्हा चढवला, आणि कळलं की ते वाक्य बिल्डरांच्या फार कामाचं आहे. वीस वर्षं बिल्डरांतर्फे महापालिकेविरुद्धच्या केसेस चालवल्या. लोक म्हणायचे, कायदा करणाराच वकील मिळाला तर आणखी काय पाहिजे.

राकेश माझा जुना अशील. त्याच्या इमारतीच्या तळघराला पार्किंगची मंजुरी होती, तिथे त्यानं अभ्यासिका काढली. नव्वद खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची मुलं. तपासणीला महापालिकेचा इंजिनिअर आला तो आपला अमोल. त्यानं फाईल अडवली आणि मला फोन केला. "मामा, खाली एकच जिना आहे. काही झालं तर पोरं वर येणार कुठून?"

मी म्हणालो, "दुसरा जिना महिन्याभरात होईल. माझा शब्द आहे. तू सही कर."

त्यानं केली. तुझं पोर शब्द पाळणारं, म्हणून समोरचाही पाळतो असं त्याला वाटायचं.

जिना झाला नाही. सात महिन्यांनी भर दुपारी एसीच्या वायरिंगनं पेट घेतला. तिघं तिथेच गेली. वेदिका नावाची मुलगी चांदवडची, पोलीस भरतीची तयारी करत होती, ती नऊ दिवसांनी दवाखान्यात वारली.

सरकारनं चौकशी समिती नेमली. राकेशतर्फे मी उभा राहिलो. लोकांनी तुला हे सांगितलंच आहे. अमोलच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला भेटलो, हे मात्र कोणालाच माहीत नाही. त्याला म्हणालो, "माझं नाव आलं तर मला वकीलपत्र सोडावं लागेल, आणि मग तुला सोडवायला कोणी उरणार नाही. कोणी सांगितलं नाही म्हण. दोन महिन्यांत बाहेर काढतो."

दुसऱ्या दिवशी त्याची उलटतपासणी मीच घेतली. "जिना एकच आहे हे आपण पाहिलं होतं?" "हो." "तरी सही केलीत?" "हो." "कोणाच्या सांगण्यावरून?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोणाच्याच नाही." मी खाली बसलो.

बाहेर पायरीवर वेदिकाचे वडील गोटीराम उभे होते. ते अमोलच्या तोंडावर थुंकले. अमोलनं पुसलंसुद्धा नाही. मी चार पावलांवर होतो. राकेशनं गाडीचं दार उघडलं आणि मी बसलो.

अहवालात माझ्याच वाक्याचा आधार घेतला गेला. राकेश दंड भरून सुटला, अमोलला अटक झाली. जामिनासाठी त्यानं मला निरोप धाडला तेव्हा मी कळवलं, विरुद्ध बाजूनं काम केलेल्या वकिलाला तुझी केस घेता येत नाही. ते नियमाला धरूनच होतं. पण त्याला शब्द देताना हा नियम मला माहीत होता. अकरा महिने झाले. इतके दिवस तो गप्प राहिला आणि शेवटी फक्त आईला खरं सांगितलं. तुला.

येत्या मंगळवारी पुन्हा भेटीचा वार आहे. जा. पोरगं खोटं बोललं नाही.

हे पत्र वाचून तू ते त्याच्या नव्या वकिलाकडे नेशील, हे मला कळतं. ने. मी अडवणार नाही. पण अमोलनं शपथेवर सांगितलं आहे की कोणी सांगितलं नव्हतं. हे पत्र पुढे आलं की तो आधी शपथेवर खोटं बोलणारा ठरेल, मग बाकीचं. आणि मला विचारलं तर मी सांगेन की आई पोराला भेटेना, माझ्यानं बघवलं नाही, म्हणून दोघांचा समेट व्हावा यासाठी मी हे सगळं स्वतःवर घेऊन लिहिलं. मामाची माया. कोर्टाला ते पटेल. माझं बोलणं आजवर पटत आलं आहे.

त्याला फक्त तू जवळ घे. माझं काही सांगू नकोस.

रंगनाथ