यांचा कीबोर्ड आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा रेडिओ, मिक्सर, पंखे आणि अलीकडे लॅपटॉप यांची दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. लिही म्हणून कोणी मागे लागलेले नाही, उलट लिहू नकोस म्हणणारेच जास्त. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन साधं आहे." मी म्हटले, "ऑपरेशन साधं असेल, पण हृदय माझं आहे." म्हणून हे आधीच लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

माणसांची पूर्ण नावे, पत्ते आणि मिळकतीचे नंबर वकीलबाईंनी सोबतच्या पानावर घातले आहेत. इथे मी ज्याला ज्या नात्याने ओळखते तसेच लिहिणार. माझ्या नवऱ्याला मी आयुष्यभर 'हे' म्हटले. वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टात 'हे' म्हणजे कोण, असा प्रश्न येईल." तेव्हा एकदाच स्पष्ट करते. 'हे' म्हणजे माझे पती, बस स्टँडवरचे निवृत्त उद्घोषक.

कलम एक. घर आणि दुकान.
वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान माझ्या वडिलांकडून मला आले. माझ्या पश्चात ते यांचे, हे असेपर्यंत. यांच्यानंतर ते आमच्या एकुलत्या एका लेकीचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, काय वाटेल ते करावे. दुकानाच्या पाटीत जीव अडकवू नये. पाटीही वडिलांच्या वेळची आहे, आणि तिच्यावरचे 'येथे ग्रामोफोन दुरुस्त होतील' आता खरे राहिलेले नाही.

वडिलांनी मला हाताशी धरून काम शिकवले ते याच दुकानात. हेही मला एका दुरुस्तीतच भेटले. स्टँडवरचा ॲम्प्लिफायर बिघडला होता, वडील मला घेऊन गेले. मी खाली वाकून तार जोडली आणि माइक सुरू झाला. यांना ते कळले नव्हते. यांनी वडिलांना विचारले, "ही मुलगी कोण?" ते सगळ्या स्टँडने ऐकले. फलाटावरचे लोक वळून बघू लागले. मी सरळ उभी राहिले आणि म्हटले, "दुरुस्त झाला." पुढे लग्न ठरले तेव्हा अर्ध्या गावाला ते आधीच माहीत होते.

कलम दोन. बँकेत जे काही आहे ते यांचे. दागिने लेकीचे. बांगड्या तिला सैल होतात हे मला माहीत आहे. तिने त्या मोडून आवडेल ते करावे, मी बघायला येणार नाही.

कलम तीन. कीबोर्ड.
वकीलबाईंनी मसुद्यात 'एक कळफलक, जुना, किंमत नगण्य' असे लिहिले होते. ते मी खोडले आहे. माझ्या सगळ्या मिळकतीत ही एकच वस्तू अशी आहे जिच्यावाचून कोणाचे तरी अडेल. म्हणून ती काय आहे हे सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "भाषा शाबूत आहे. जीभ आणि घसा तेवढे ऐकत नाहीत." डाव्या हाताची बोटे चालत होती, पण कापायची. घरी माझा जुना लॅपटॉप होता. त्याच्या कळा बुटक्या, हलक्या, जरा दाबल्या की उमटणाऱ्या, आणि पुढे मनगट टेकायला जागा. यांनी त्यावर एका हाताने लिहायला घेतले. हळूहळू बोटांना वाट सापडली. मग यांचे बोलणे म्हणजे तो पडदा. भाजीत मीठ नाही, पंखा जोरात आहे, शेजारच्याने बातमी चुकीची सांगितली, सगळे पडद्यावर.

एकदा मी बाहेर गेले असताना वन्सं यांच्याजवळ बसल्या होत्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, मागच्या गल्लीत राहतात. लॅपटॉपची बॅटरी संपत आली, चार्जर सापडेना, म्हणून त्यांनी धावत जाऊन स्वतःच्या घरचा आणून लावला. तो दुसऱ्याच यंत्राचा, जास्त व्होल्टचा होता. मी आले तेव्हा खोलीत जळका वास होता आणि पडदा काळा.

मदरबोर्ड गेला. त्या जातीचा दुसरा मिळेना, कंपनीने तो बनवणे कधीच बंद केले होते. मी नवा लॅपटॉप दाखवला, त्याच्या कळा इतक्या सपाट की यांच्या बोटाला कड लागेना. बाजारातले सुटे कीबोर्ड आणले. त्यांच्या कळा उंच, बोट एकीवरून घसरून दुसरीवर पडायचे. ज्या माणसाने नोकरीभर एका गावाचे नाव चुकीचे उच्चारले नाही, त्याच्याकडून एका शब्दात तीन चुका होऊ लागल्या. यांनी कीबोर्ड सारला आणि भिंतीकडे तोंड केले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत, पण लिहायला हवेत. माणूस गप्प झाला की लोक त्याला बहिरा समजतात. डॉक्टर यायचे तेव्हा वन्सं यांच्या पलंगाशी उभ्या राहून म्हणायच्या, "ह्याला आता काय कळतंय? एखादा चांगला आश्रम बघू या. हिचं तरी वय झालंय." माझ्या काळजीनेच म्हणायच्या. हे हातभर अंतरावर सगळे ऐकत असायचे. एकदा यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या नजरेचा एक अर्थ लावला. तो बरोबर होता की नाही, हे विचारायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मेलेला लॅपटॉप दुकानात नेऊन उघडला. मेंदू जळला होता, हात शाबूत होते. यांचे नेमके उलटे. कीबोर्डाखालून कागदासारखी चपटी पट्टी निघते आणि मदरबोर्डात खोचलेली असते. तिच्यात बारीक तारा शेजारी शेजारी. प्रत्येक कळ म्हणजे त्यातल्या दोन तारांची गाठभेट, कळ दाबली की त्या दोघी जोडल्या जातात. कोणत्या कळेच्या कोणत्या दोन, हे कळले, तर ते एका छोट्या बोर्डाला शिकवता येते. मग तो बोर्ड कुठल्याही कॉम्प्युटरला सांगतो की मी कीबोर्ड आहे.

मी कीबोर्ड आणि मीटर घेऊन वर आले. म्हटले, "अहो, एकेक कळ दाबून धरायची. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

यांनी भिंतीकडचे तोंड वळवले नाही.

"मला तिसरा हात नाही," मी म्हटले. "तुमचा आहे, तो द्या."

मग वळले. यांनी कळ दाबून धरायची, मी मीटरच्या दोन सुया पट्टीवरून फिरवायच्या. मीटर वाजला की ती जोडी सापडली. पहिल्यांदा वाजला तेव्हा हे दचकले. नंतर माझ्याआधीच यांची मान हलू लागली. दुपारी दुकान मिटले की आम्ही दोघे तेच करायचो. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण एका कामावर दोघे कधी बसलो नव्हतो. यांचा स्टँड वेगळा, माझे दुकान वेगळे.

जोडण्या सापडल्या, पण सोल्डर करायला नजर पुरेना. पट्टी ज्यात खोचतात ती खाच मी जळक्या बोर्डावरून काढली होती. तिचे पाय केसांएवढे. मी दुकानात बसून दोनदा बिघडवले. समोरचे घड्याळवाले रस्ता ओलांडून आले. त्यांच्याविषयी पुढे कलम चारमध्ये येईल.

"काय चाललंय?"

"कीबोर्ड."

"नवा घ्यायचा की."

"नवा यांना चालत नाही."

त्यांनी वाकून ते बारीक पाय पाहिले. मग डोळ्याला लावायचे भिंग खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवले. "राहू द्या. माझ्याकडे दुसरं आहे." दुसरे नव्हते, हे मला नंतर कळले.

बोर्ड जोडून वर आणला तेव्हा यांनी 'प' दाबला की 'ह' यायचा आणि रिकामी जागा सोडायला गेले की ओळ पुसली जायची. हे हसायला लागले. हसण्याचा आवाज तेवढा जुनाच राहिला होता, आणि तो मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मी खाली जाऊन चुका दुरुस्त केल्या आणि परत आले. यांनी मनगट टेकवले, एकेक अक्षर शोधले, आणि पडद्यावर आले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहा अजून आलेला नाही."

मी चहा ठेवला. ओट्याशी उभी राहून थोडी रडले, तेही इथे नोंदवते.

संध्याकाळी वन्सं आल्या. यांनी लिहिले, "ताई, मला ऐकू येतं. आश्रमाचंही ऐकलं."

वन्संनी ते दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "मग बोलला का नाहीस?"

मग हेच आधी हसले.

तर हा कीबोर्ड यांचा. लॅपटॉपचा मनगट टेकायचा भाग कापून त्यासह लाकडी चौकटीत बसवलेला आहे. चौकटीच्या झाकणाच्या आत तारांचा नकाशा चिकटवला आहे. त्याच जातीच्या कीबोर्डांचे आणखी दोन नग मी भंगारातून मिळवून पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत, कळा झिजल्या तर बदलायला. घड्याळवाल्यांखेरीज कोणी चौकट उघडू नये. "नवा घेऊन टाका" असे कोणीही, प्रेमानेसुद्धा, म्हणू नये.

कलम चार. हत्यारे.
मीटर, सोल्डरिंगचे सगळे सामान, गरम हवेचा ब्लोअर आणि स्क्रूची खणखणणारी बरणी समोरच्या घड्याळवाल्यांना. वडील गेल्यावर मी दुकान चालवायला घेतले तेव्हा हेच गृहस्थ गिऱ्हाइकांना सांगायचे, "बाईमाणसाच्या हाती मशीन देता? बघा बुवा." मी पुष्कळ वर्षे त्यांच्याशी बोलले नाही. आमचे घड्याळ बंद पडले तरी त्यांच्याकडे नेले नाही, पार बाजाराच्या टोकाला नेले. त्या बोलण्याची त्यांनी कधी माफी मागितली नाही आणि मीही ते विसरलेले नाही. पण त्यांचा हात स्थिर आहे आणि कीबोर्डाचा नकाशा मी त्यांना समजावून दिला आहे. भिंग मात्र त्यांचेच आहे, ते वारशात धरू नये, परत करावे.

कलम पाच. वन्सं.
चार्जरवरून मी त्यांना आजवर एक शब्द बोललेले नाही. आता लिहिते आणि मोकळी होते. वन्सं, चार्जर लावण्याआधी त्यावर लिहिलेले व्होल्ट बघायचे असतात. माझी बसायची वेताची खुर्ची मी तुम्हाला देते, पण ती घरी न्यायची नाही. ती यांच्या डाव्या अंगाला आहे, तिथून पडदा दिसतो. तुम्ही नेहमी समोर बसता, तिथून फक्त यांचा चेहरा दिसतो आणि तुम्ही त्यावरून वाटेल ते समजता. इथून पुढे खुर्चीत बसावे आणि वाचावे.

कलम सहा.
या कलमात आधी असे लिहिले होते: "माझ्या पश्चात यांनी लेकीकडे राहण्यास जावे." लेकीशी फोनवर तसे ठरले होते. तिने खोलीही रंगवून घेतली. ती गुणी आहे, तिच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. माझ्याही नव्हते.

काल मी मसुदा यांना वाचून दाखवला. इथे आले तेव्हा यांनी हात उचलून थांबवले आणि लिहिले, "हे कोणी ठरवलं?"

"आम्ही दोघींनी."

"ताई माझ्याविषयी माझ्यासमोर बोलायची. तुम्ही दोघी फोनवर बोललात. मी ऐकलंही नाही."

मी कागद बाजूला ठेवला. म्हटले, "मग काय लिहू?"

"विचार."

"अहो, माझ्यामागे तुम्हाला कुठे राहायचंय?"

यांनी मनगट टेकवले. मी बसून राहिले. कलम पाच ऐकल्यापासून वन्सं वेताच्या खुर्चीत होत्या, त्याही बसून राहिल्या. मध्ये हे थांबले, काही पुसले, पुन्हा लिहू लागले. मला दोनदा वाटले की पुढचा शब्द मला कळलाय. मी तोंड उघडले आणि मिटले. बरे झाले, कारण दोन्हीदा तो शब्द वेगळा निघाला.

वकीलबाईंचे म्हणणे, ज्याला मिळकत मिळते त्यानेच कलम सांगितलेले बरे दिसत नाही. तेव्हा स्पष्ट करते की आधीचे कलम मी स्वतः खोडले आहे, यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि आज साक्षीदारांसमोर यांना पुन्हा विचारून, यांनी पुन्हा लिहिलेले मी माझ्या हाताने इथे उतरवते आहे:

"मी इथेच राहीन. दिवसा माणूस ठेवावा, पगार माझ्या पेन्शनमधून. रात्री ताई येईल म्हणते, तिला यायचं असेल तर यावं. पुढे इथे जमेनासं झालं तर मीच सांगेन आणि लेकीकडे जाईन. खोलीचा रंग तिने तसाच ठेवावा. जे काही ठरवायचं ते मला विचारून ठरवावं. मी लिहीत असताना माझं वाक्य कोणी पूर्ण करू नये."

शेवटची अट सर्व वारसांना, डॉक्टरांना आणि या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू राहील. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी लेकीवर सोपवते.

स्थळ: राहते घर, यांची खोली.
दिनांक: पहिल्या पानावर शिक्क्यात आहे तोच. वार मंगळवार.

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार:
आमच्यापैकी कोणाचाही या मिळकतीत वाटा नाही. बाईंनी आमच्यासमोर शुद्धीवर, स्वखुशीने सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. कलम सहामधला मजकूर त्यांच्या यजमानांनी आमच्यादेखत टाइप केला. त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही गप्प बसून होतो.

१. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही)