तरानारे

१९ डिसेंबर १९९८

वही, बरी आहेस ना? बायकोचा – आनंदीचा – गुडघा आज जरा हलका. नातीचा – आर्याचा – ताप उतरला. वासराने कालपासून गवताला तोंड लावलंय. माझी दाढ तेवढी सोडली तर मजेत. लोक हसतील, वहीला कसली खुशाली विचारतो म्हणून. पण चाळीस वर्षं राजिवड्याच्या नि भाट्याच्या बायामाणसांची पत्रं लिहून दिली. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मुलगा बोटीवर. शाळा दुसरीतच सुटली, अक्षर या पत्रांनी वळवलं. आता खुशालीशिवाय पेन पुढे सरकत नाही.

आज आर्याच्या शाळेचं गॅदरिंग. पोरींनी चमचम कागदाचे झगे घालून नाच केला. गाणं ओळखीचं वाटलं. एक्याऐंशी सालचं डिस्को गाणं! तेच, पण ठोका असा, की मागे कुत्रं लागलंय. मध्येच वाजप थांबलं आणि पुरुषाची लांब हाक आली – 'तरानारेऽऽ'. पोरी हात वर करून ओरडल्या, 'तरानारे!'

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

ते तरानारे नव्हेच. ते 'तर आण रे'. खाडीवर पूल नव्हता तेव्हा माझे वडील भाट्याहून तर चालवायचे – माणसं पलीकडे नेणारी होडी. राजिवड्याच्या काठावरून कुणी हाळी दिली की आम्ही इकडून होडी सोडायची. वडील म्हणायचे, 'जेवणावरून ऊठ, पण पलीकडच्या हाकेला ओ दे.' सगळ्यांत लांब हाळी गुलाम रसूलची. माझा लहानपणचा जोडीदार. पुढे मुंबईला गेला, गाण्यांच्या मागे ढोल वाजवू लागला. या गाण्यात मधली जागा रिकामी होती. संगीतवाला म्हणाला, 'कुछ भी चिल्लाओ.' याने खाडीवरची हाळी घातली! सुट्टीत आला तेव्हा दोघे पोट धरून हसलो होतो.

२० डिसेंबर

रसूलच्या बहिणीचा, मैमुनाचा, नातू उमेर. त्याचं कॅसेटचं दुकान आहे. त्याला विचारलं. म्हणाला, "चाचा, हा रिमिक्स. जुनी टेप कापतात नि नव्यात चिकटवतात."

म्हणजे माणूस गेला तरी हाक राहते. हे बरं की वाईट, कळेना.

त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबई पेटली. त्यानंतर रसूलचं पत्र नाही. आम्ही पाठवलेली तीन परत आली. दोन वर्षांनी मीच मैमुनाला म्हटलं, आता भाऊ गेला असं समज, त्याच्या नावाने फातिहा पढवून घे. तिने ऐकलं माझं.

गाण्याचं तिला सांगितलं नाही. आणि रसूलला पोचलेल्या शेवटच्या पत्रातली एक ओळ आहे, तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

५ जून १९९९

टीव्हीवर ते गाणं लागलं. मी उठून गोठ्यात गेलो.

८ फेब्रुवारी २००४

वही, बरी ना? आनंदी बरी, गुडघा तेवढा बंडखोर. आर्या चौदाची झाली, ताडमाड. वासराची गाय झाली, दोनदा व्यायली. माझे कान – त्यांचंच लिहायचंय.

तेच गाणं पुन्हा आलंय. नवं करून, तिसऱ्यांदा! आनंदी म्हणाली, "शिळ्या कढीला किती वेळा ऊत आणायचा तो!" आता ठोका भाताच्या गिरणीसारखा. आर्या आरशापुढे नाचत गात होती – 'तरानारे फरिश्ता'.

म्हटलं, "फरिश्ता कुठून आला?"

"आजोबा, तसंच आहे. क्लासमध्ये सगळे तसंच म्हणतात."

ऐकलं. सात वेळा ऐकलं. हाकेचा आवाज आता घोगरा, शेवटी फाटलेला. मला ऐकू आलं – 'तर आण रे, परशा'.

आनंदी म्हणाली, "अहो, मनी वसे ते कानी."

असेलही. परशुराम नाव ठेवलं आईबापांनी, पण परशा म्हणणारा एकच होता.

१० फेब्रुवारी

उमेर म्हणतो, "मशीनवर आवाज जाड होतो, चाचा. म्हातारा होतो. कायपण होतो." पटलं. परतताना पुलाच्या मध्यावर थांबलो. मशीन आवाज म्हातारा करील, पण मशीनला परशा कुठून ठाऊक?

मग वाटलं, हिंदी गाण्यात फरिश्ते पैशाला पासरी. हा त्यातलाच एक असेल. घरी येईस्तोवर चार वेळा हो म्हटलं, पाच वेळा नाही. डोक्याचा नुसता काला झालाय.

१२ फेब्रुवारी

राजिवड्याला गेलो. मैमुना ओट्यावर सुकट निवडत होती. उमेरने काही न सांगता गाणं लावलं.

"बंद कर रे मेल्या ती धडधड, काळीज हाललं माजं!"

तेवढ्यात हाक आली. तिचा हात सुकटीत तसाच राहिला.

"परत लाव."

तीनदा लावलं.

"परशुराम, शेवटाला ऐक. खोकला गिळतोय तो. आमचा बाप असाच हाक मारून खोकला गिळायचा. मशीनीला ह्यां कोण शिकवील?"

ती सुकटीतला खडा काढून फेकत म्हणाली, "आनि जित्या मानसाचा फातिहा पढवलास माज्याकडून. शाना तू!"

हसली. पण लगेच डोळे भरले. "मग घरी का नाय येत तो? अकरा वर्सां झाली. मी तुला लिवायला सांगितलेलं ना, ताबडतोब निगून ये म्हनून?"

"सांगितलं होतंस."

उमेरने सीडीच्या कव्हरावरचा कंपनीचा पत्ता उतरवून दिला. मैमुना म्हणाली, "लिव आत्ताच." म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता.

१३ फेब्रुवारी

पाठवलेल्या पत्राची नक्कल –

रसूल, खुशाली मागाहून. त्र्याण्णवच्या पत्रात 'सध्या घरी येऊ नकोस' अशी ओळ होती. ती मैमुनाची नव्हे. ती म्हणाली होती, ताबडतोब निघून ये. वाटेत गाड्या अडवतात असं ऐकून मी भ्यालो आणि तिच्या तोंडी माझं वाक्य घातलं. तिला वाचता येत नाही. इथवरचं पत्र आज तिला वाचून दाखवलं, मगच पाकीट चिकटवतोय. ती माझ्याशी बोलत नाही. अंगठा मात्र उठवलाय, खाली बघ. तर सोडलीय. उलट टपाली ओ दे.