आईचा डावा घोटा

दादा,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. आई दवाखान्यात आहे. मी तिचे कपडे न्यायला आले होते. घाबरू नकोस.

दुपारी पार्लरमध्ये एका बाईचे केस कापता कापता आई मटकन खाली बसली ती उठलीच नाही. तोच डावा घोटा, जिन्यावरून पडल्यापासूनचा. आपण नुसता मुरगळलाय म्हणत आलो आणि तेल चोळत आलो. आज एमआरआय काढला. आतलं लिगामेंट केव्हाच तुटलंय आणि हाडाचा एक तुकडा सांध्यात सुटा फिरतोय!

डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, "या पायावर तुम्ही दिवसभर उभ्या राहायचात?"

आई म्हणाली, "मग दुसरा कुठून आणू?"

परवा दुर्बिणीतून तो तुकडा काढतील आणि लिगामेंट शिवतील. मग काही आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर व्यायाम. तो टाळला तर सगळं मुसळ केरात, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिची खाट तेवढी खालच्या खोलीत आणून ठेव.

रिपोर्ट ऐकून आई रडायला लागली. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरली. तर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "म्हणजे मला खरंच दुखत होतं गं."



तू भेटायला येशील तेव्हा तिला 'बरी आहेस ना?' असं विचारू नकोस. ती हो म्हणेल.

छोटी